चुकीच्या जागी टोचलेली सुई आणि भरपाईचा कायदा

लस टोचून घेतल्यावर दोन दिवस दंड दुखणे, टोचल्या जागी थोडी सूज येणे यात कोणाला फारसे नवल वाटत नाही. ‘दोन दिवसांत बरे होईल’, असे सांगून परिचारिका निरोप देते आणि बहुतेकांच्या बाबतीत तसे घडतेही. परंतु काही मोजक्या लोकांचे दुखणे दोन दिवसांनी थांबत नाही, दोन महिन्यांनीही थांबत नाही. हात डोक्यापर्यंत उचलता येत नाही, केस विंचरताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. खांदा हळूहळू आखडत जातो. फिजिओथेरपी, स्टिरॉइडची इंजेक्शने आणि क्वचित शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. लसीकरणानंतरच्या या इजेला वैद्यकशास्त्रात ‘शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ असे लांबलचक नाव असून, त्याच्या आद्याक्षरांवरून ती ‘सिर्वा’ म्हणून ओळखली जाते.

अमेरिकेत अशा इजेसाठी सरकारी निधीतून भरपाई मागण्याची सोय आहे. ती मागताना परिचारिकेचा किंवा औषध कंपनीचा दोष सिद्ध करावा लागत नाही. असे असूनही अनेक दावे अडखळतात, कारण या कायद्यात दोषाला नसलेले महत्त्व वेळेला आणि कागदाला आहे. वेदना नेमकी केव्हा सुरू झाली, ती डॉक्टरांना केव्हा सांगितली आणि डॉक्टरांनी काय लिहून ठेवले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर दाव्याचे भवितव्य ठरते.

दुखणे लसीचे नव्हे, सुईचे

दंडावर दिली जाणारी बहुतेक लस ‘डेल्टॉइड’ या जाड, त्रिकोणी स्नायूत टोचली जाते. या स्नायूच्या वर, खांद्याच्या टोकाला बोटाने चाचपल्यास हाडाची कड लागते. तिला ‘अ‍ॅक्रोमियन’ म्हणतात. त्या हाडाखाली आणि स्नायूच्या आतल्या बाजूला द्रव असलेली एक पातळ पिशवी असते. ‘बर्सा’ नावाची ही पिशवी खांदा फिरताना स्नायू आणि हाडांचे घर्षण कमी करते. तिच्यालगत खांदा उचलणारे आणि फिरवणारे ‘रोटेटर कफ’चे स्नायुबंध असतात.

सुई योग्य जागी गेली तर लस स्नायूत उतरते आणि तेथील भरपूर रक्तपुरवठ्यामुळे शरीरात पसरते. ती फार वर किंवा प्रमाणापेक्षा खोल गेली तर लस थेट या पिशवीत अथवा स्नायुबंधात पोहोचू शकते. लसीचे कामच मुळी शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला चेतवण्याचे. सांध्याच्या बंदिस्त जागेत ही चेतना उद्भवली की तेथे तीव्र दाह निर्माण होतो आणि तो दीर्घकाळ टिकतो, असे या इजेचे स्पष्टीकरण दिले जाते. म्हणूनच लस कोणत्या रोगावरची आहे यापेक्षा ती कोठे टोचली गेली, हा मुद्दा येथे निर्णायक ठरतो.

या इजेकडे वैद्यकीय जगताचे लक्ष तसे उशिराच गेले. बोडोर आणि मोंटाल्वो या संशोधकांनी दोन रुग्णांची माहिती देऊन, दंडाच्या वरच्या तिसऱ्या भागात लस टोचू नये, अशी सूचना २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली. त्यानंतर २०१० मध्ये अटानासॉफ आणि सहकाऱ्यांनी भरपाई योजनेकडेच आलेल्या १३ प्रकरणांचा अभ्यास मांडला. त्यातील जवळपास निम्म्या रुग्णांनी, सुई फार वर टोचल्याचे आपल्याला त्याच वेळी जाणवले होते, असे सांगितले होते. अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या मान्यवर संस्थेने २०११ मध्ये लसींच्या दुष्परिणामांचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा लसीचे इंजेक्शन आणि खांद्यातील पिशवीचा दाह यांच्यातील कार्यकारणसंबंध पुराव्याने पटतो, असा निष्कर्ष काढला.

ही इजा दुर्मीळ आहे, हेही लक्षात ठेवावयास हवे. २०१६-१७ च्या हंगामात फ्लूची लस घेतलेल्या सुमारे २९ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार लस घेतलेल्या दर १० लाख लोकांमागे पिशवीच्या दाहाची सुमारे आठ जादा प्रकरणे आढळली. लस टाळण्याचे कारण म्हणून या आकड्याकडे पाहता येत नाही. पण त्या आठांपैकी एक असलेल्या माणसाचे दुखणे त्यामुळे कमी होत नाही. त्याची दखल घेण्यासाठीच भरपाईची योजना आहे.

कायदा कशासाठी आला?

या योजनेची मुळे १९८० च्या दशकात आहेत. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीमुळे मुलांना इजा झाल्याचा आरोप करणारे खटले अमेरिकेत मोठ्या संख्येने दाखल होऊ लागले. भरपाईच्या रकमा आणि विम्याचा खर्च वाढल्याने लस बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून या धंद्यातून बाहेर पडू लागल्या आणि लसींच्या तुटवड्याची भीती निर्माण झाली. दुसरीकडे, खरोखर इजा झालेल्या कुटुंबांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत होत्या.

यातून मार्ग म्हणून अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये ‘नॅशनल चाइल्डहूड व्हॅक्सिन इंज्युरी अ‍ॅक्ट’ हा कायदा केला. तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यावर स्वाक्षरी केली आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली. तिच्या निधीसाठी प्रत्येक लसीवर कर आकारला जातो. लस जितक्या रोगांपासून संरक्षण देते, तितक्या रोगांमागे प्रत्येक मात्रेवर ७५ सेंट, असा त्याचा हिशेब आहे. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, तर तीन रोगांवरील त्रिगुणी लसीवर सव्वादोन डॉलर. या निधीतून योजनेच्या प्रारंभापासून ५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम वितरित झाली आहे.

कायद्याच्या नावात ‘चाइल्डहूड’ असले तरी योजना केवळ मुलांपुरती नाही. तक्त्यात समाविष्ट असलेली लस घेणाऱ्या कोणत्याही वयाच्या व्यक्तीला तिचा लाभ मागता येतो. जुलै २००५ मध्ये फ्लूची लस या योजनेत आली. ही लस दरवर्षी कोट्यवधी प्रौढ घेतात आणि तीही अनेकदा औषधाच्या दुकानात किंवा कार्यालयातील शिबिरात. साहजिकच दावेदारांत प्रौढांची संख्या वाढली. २१ मार्च २०१७ पासून खांद्याची इजा अधिकृत तक्त्यात समाविष्ट झाल्यावर तर ती सर्वाधिक दाखल होणाऱ्या दाव्यांपैकी एक ठरली.

तक्त्यातील चार अटी

‘व्हॅक्सिन इंज्युरी टेबल’ हा तक्ता या योजनेचा कणा होय. कोणत्या लसीनंतर, कोणती इजा, किती काळात उद्भवली तर ती लसीकरणामुळे झाली असे गृहीत धरायचे, हे त्यात नमूद केलेले असते. तक्त्यातील वर्णनात प्रकरण चपखल बसले, तर कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या डोक्यावरून उतरते. ही इजा दुसऱ्याच कारणाने झाली, हे दाखवण्याची जबाबदारी मग सरकारवर येते.

खांद्याच्या इजेसाठी तक्त्यात चार अटी आहेत. पहिली, लस घेण्यापूर्वी त्याच खांद्यात आताच्या लक्षणांचा उलगडा करणारे दुखणे, दाह वा अन्य दोष नसावा. दुसरी, वेदना लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी. तिसरी, वेदना आणि हालचालीतील मर्यादा ज्या खांद्यात लस दिली त्यापुरतीच असावी. चौथी, मानेतील दबलेली नस किंवा हाताच्या मज्जातंतूंचा विकार यांसारखे लक्षणांचा उलगडा करणारे अन्य कारण नसावे.

वाचताना सोप्या वाटणाऱ्या या अटी प्रत्यक्षात अवघड ठरतात. पन्नाशीपुढच्या माणसाच्या खांद्याचे एमआरआय काढले, तर झीज किंवा स्नायुबंधातील बारीकशी फाट दिसणे सामान्य आहे. ती आधीपासून असली तरी लस घेईपर्यंत दुखत नव्हती, हे दाखवणे मग महत्त्वाचे ठरते. वेदना दंडातून मानेकडे किंवा बोटांकडे जात असल्याची नोंद असेल, तर तिसऱ्या अटीवर प्रश्नचिन्ह उभे राहते. मधुमेही रुग्णांत खांदा आखडण्याचे प्रमाण मुळातच अधिक असते, त्यामुळे तोही मुद्दा चर्चेला येतो.

तक्त्याच्या चौकटीत न बसणाऱ्यांसाठी दार पूर्ण बंद होत नाही. वेदना तिसऱ्या वा चौथ्या दिवशी सुरू झाली असेल, तर अर्जदाराला प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध सिद्ध करावा लागतो. फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २००५ मध्ये घालून दिलेल्या कसोटीनुसार त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : लसीने अशी इजा होऊ शकते हे सांगणारा वैद्यकीय सिद्धांत, या प्रकरणात तसेच घडले हे सांगणारी तर्कसंगत साखळी आणि दोहोंमधील योग्य कालावधी. येथे तज्ज्ञांचे अहवाल लागतात, वेळ अधिक जातो आणि यशाची खात्री कमी होते.

तीन मुदती

या दाव्यांत तीन मुदती एकमेकींत गुंतलेल्या असतात. पहिली ४८ तासांची. ती वेदनेच्या प्रारंभाला लागू होते, डॉक्टरांच्या भेटीला नव्हे. वेदना सुरू झाल्यावर दोन दिवसांत रुग्णालय गाठलेच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. पण भेट जितकी लांबते, तितके प्रारंभाचा दिवस पटवून देणे कठीण होते.

दुसरी मुदत सहा महिन्यांची. लस घेतल्यानंतर इजेचे परिणाम सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेले असले पाहिजेत. पर्यायाने, इजेमुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असली पाहिजे. चार महिन्यांत पूर्ण बरा झालेला खांदा कितीही दुखला असला, तरी भरपाईला पात्र ठरत नाही. यात एक विचित्र पेच आहे. जो रुग्ण दोन-तीन वेळा फिजिओथेरपीला जातो आणि ‘आता सोसायची सवय झाली’ म्हणून जाणे सोडतो, त्याच्या नोंदी पाचव्या महिन्यातच थांबतात. दुखणे चालू असते, कागद मात्र संपलेला असतो. सरकारी पक्ष मग, रुग्ण बरा झाल्यामुळेच त्याने उपचार थांबवले, असा युक्तिवाद करू शकतो.

तिसरी मुदत ३६ महिन्यांची. पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज न्यायालयात दाखल झाला पाहिजे. मुदतीचे घड्याळ निदानाच्या दिवसापासून नव्हे, तर वेदनेच्या पहिल्या दिवसापासून चालू होते. समजा, एखाद्याने १ ऑक्टोबरला लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखू लागला. जानेवारीत तो डॉक्टरांकडे गेला. दीड वर्षाने एखाद्या तज्ज्ञाने, हे दुखणे लसीशी संबंधित असावे, असे सांगितले. तरीही त्याची तीन वर्षे २ ऑक्टोबरपासूनच मोजली जातात. या कायद्याची माहिती नव्हती, हे कारण सहसा ऐकून घेतले जात नाही.

कागद हाच साक्षीदार

खांद्याच्या दाव्यांत वाद बहुधा वैद्यकीय सिद्धांतावर होत नाही, तो तारखांवर होतो. लस घेतल्यावर दुखणारच, असे गृहीत धरून माणूस पहिले काही आठवडे गप्प बसतो. त्यानंतर तो सर्दी-तापासाठी किंवा रक्तदाबाच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे जातो आणि खांद्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. अखेरीस तीन-चार महिन्यांनी खांदा दाखवतो, तेव्हा ‘केव्हापासून दुखते?’ या प्रश्नाला ‘झाले दोन-तीन महिने’ असे सैल उत्तर देतो. डॉक्टर तेच टिपून घेतात. पुढे दावा दाखल झाल्यावर हे एक वाक्य अर्जदाराच्या विरोधात उभे राहते. लस ऑक्टोबरमध्ये घेतली आणि नोंदीनुसार दुखणे डिसेंबरमध्ये सुरू झाले, तर ४८ तासांची अट पूर्ण कशी झाली?

घटनेच्या वेळी केलेल्या वैद्यकीय नोंदींना न्यायालये परंपरेने मोठे वजन देत आली आहेत, कारण माणूस उपचारासाठी जातो तेव्हा खरे सांगण्यात त्याचे हित असते. मात्र, नोंदीत एखादी गोष्ट नाही म्हणजे ती घडलीच नाही, असे मानता येत नाही. वैद्यकीय नोंदी रुग्णाच्या सर्व शारीरिक तक्रारींच्या बाबतीत अचूक आणि परिपूर्ण असतात असे गृहीत धरता येणार नाही, असे फेडरल सर्किट अपील न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे पती-पत्नी, सहकारी, शेजारी यांची शपथपत्रे, त्या दिवसांत पाठवलेले मोबाईलवरील संदेश, कामावरून घेतलेल्या रजेची नोंद अशा पुराव्यालाही जागा आहे. तथापि, पहिल्याच भेटीत ‘अमुक तारखेला डाव्या दंडावर फ्लूची लस घेतली आणि त्याच रात्रीपासून दुखू लागले’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगितल्याने जे साधते, ते पुढच्या दहा शपथपत्रांनी साधेलच असे नाही.

दाव्यासोबत लस घेतल्याचा पुरावा लागतो. त्यात तारीख, लसीचे नाव, मात्रेचा बॅच क्रमांक आणि डावा की उजवा हात याची नोंद असावी. प्रत्यक्षात लस डाव्या हातावर दिलेली असते आणि संगणकात उजवा हात नोंदलेला असतो, असे अनेकदा आढळते. ही चूक लवकर ध्यानात आली तर दुरुस्त करून घेता येते. याशिवाय लस घेण्यापूर्वीच्या सुमारे तीन वर्षांच्या आणि नंतरच्या सर्व वैद्यकीय नोंदी, एमआरआय, फिजिओथेरपीचे तपशील, खर्चाची बिले आणि वेतन बुडाल्याचा दाखला जोडावा लागतो.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. लसींच्या दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी अमेरिकेत ‘व्हेअर्स’ ही यंत्रणा आहे. तेथे तक्रार नोंदवणे योग्यच, पण ती नोंद म्हणजे भरपाईचा अर्ज नव्हे. तिने ३६ महिन्यांची मुदत थांबत नाही.

न्यायालयातील वाट

भरपाईचा अर्ज वॉशिंग्टन येथील ‘कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स’मध्ये दाखल होतो. अर्जदाराच्या विरुद्ध बाजूला लस देणारी परिचारिका किंवा औषध कंपनी नसते. प्रतिवादी असतो तो संघराज्य सरकारच्या आरोग्य आणि मानवी सेवा खात्याचा मंत्री. खात्याचे डॉक्टर कागदपत्रे तपासून आपले मत देतात आणि न्याय खात्याचे वकील सरकारची बाजू मांडतात. निर्णय ‘स्पेशल मास्टर’ म्हणून ओळखले जाणारे न्यायाधिकारी देतात. कायद्याने त्यांची संख्या कमाल आठ ठेवली आहे. दावे वाढत गेले, पण ही संख्या वाढली नाही. त्यामुळे एकेका निर्णयाला दोन-तीन वर्षे लागणे नवलाचे राहिलेले नाही. खांद्याच्या इजेसारखे, तडजोडीची शक्यता अधिक असलेले दावे लवकर मार्गी लागावेत म्हणून २०१४ मध्ये एक स्वतंत्र विशेष कक्ष स्थापण्यात आला.

सरकारने दावा मान्य केला तर प्रश्न केवळ रकमेचा उरतो. मान्य न करताही तडजोड होऊ शकते. योजनेतून दिल्या जाणाऱ्या भरपाईपैकी सुमारे ६० टक्के भरपाई वाटाघाटींतून ठरते. अशा तडजोडीत लसीकरणामुळेच इजा झाली, असा निष्कर्ष सरकारने काढलेला नसतो.

वेदना आणि मनस्तापासाठी मिळणाऱ्या रकमेवर अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे. ती १९८६ पासून बदललेली नाही. खांद्याच्या दाव्यांत पूर्ण अडीच लाख डॉलर क्वचितच मिळतात. दुखणे किती तीव्र होते, किती काळ टिकले, शस्त्रक्रिया लागली का, यांवर रक्कम ठरते. विम्याने न भरलेला उपचारांचा खर्च आणि बुडालेले वेतन यांची भरपाई या मर्यादेच्या बाहेर, स्वतंत्रपणे मिळते.

वकिलाच्या शुल्काबाबत ही योजना इतर खटल्यांहून वेगळी आहे. भरपाईतील काही टक्के रक्कम वकिलाने घ्यावी, ही अमेरिकेतील नेहमीची पद्धत येथे चालत नाही. वकिलाचे वाजवी शुल्क न्यायालय ठरवते आणि ते निधीतून दिले जाते. दावा हरला, तरी तो प्रामाणिक हेतूने आणि सयुक्तिक आधारावर केलेला असल्यास शुल्क मिळू शकते. त्यामुळे सामान्य माणसालाही जाणकार वकील परवडतो. याची दुसरी बाजू अशी की, आधार नसलेला दावा स्वीकारायला वकील तयार होत नाही. निर्णय न्यायालयाच्या संकेतस्थळावर अर्जदाराच्या नावानिशी प्रसिद्ध होतात. खासगी वैद्यकीय तपशील वगळण्याची विनंती करण्यासाठी १४ दिवसांची मुदत असते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

तक्त्याबाहेर राहिलेल्या लसी

दंडावर टोचलेली प्रत्येक लस या योजनेत येत नाही. फ्लू, धनुर्वात, कावीळ ‘अ’ आणि ‘ब’, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, एचपीव्ही आदी लसी तक्त्यात आहेत. नागिणीवरील लस, रेबीज, टायफॉइड आणि पिवळ्या तापाची लस मात्र योजनेबाहेर आहे. ज्येष्ठ नागरिक नागिणीवरील लस मोठ्या प्रमाणावर घेतात. तिच्यामुळे खांदा दुखावला, तर नेहमीच्या दिवाणी मार्गाने निष्काळजीपणा सिद्ध करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

कोविडच्या लसीची कथा आणखी निराळी. ती आणीबाणीतील औषधोपचारांसाठी असलेल्या ‘सीआयसीपी’ या वेगळ्या योजनेत येते. तेथे अर्जाची मुदत लस घेतल्यापासून अवघी एक वर्ष आहे. वेदना आणि मनस्तापाची भरपाई तेथे मिळत नाही, वकिलाचे शुल्क मिळत नाही आणि निर्णय न्यायालय नव्हे, तर सरकारी खातेच देते. हजारो दाव्यांपैकी मोजक्याच लोकांच्या पदरात काही पडले आहे. एकाच भेटीत फ्लूची लस एका दंडावर आणि कोविडची दुसऱ्या दंडावर घेतली असेल, तर कोणती सुई कोणत्या हातावर टोचली, या नोंदीवर अर्ज कोणत्या योजनेत करायचा, हे अवलंबून राहते.

वगळण्याचा प्रयत्न

खांद्याची इजा तक्त्यात असावी की नसावी, यावर अमेरिकेत मतभेद झाले आहेत. ही इजा लसीमुळे नव्हे, तर सदोष टोचण्यामुळे होते, तेव्हा तिचा भार लसीच्या निधीवर का, असा प्रश्न आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये उपस्थित केला आणि ती तक्त्यातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२१ मध्ये तसा अंतिम नियमही प्रसिद्ध झाला. मात्र, सत्तांतरानंतर आलेल्या प्रशासनाने तो अमलात येण्याआधीच एप्रिल २०२१ मध्ये रद्द केला. इजा तक्त्यातून गेली, तर रुग्ण परिचारिका आणि औषधविक्रेत्यांवर खटले भरतील आणि लस देणारे हातच मागे सरतील, असा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता.

आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी २०२५ मध्ये या संपूर्ण योजनेत फेरबदल करण्याचा मनोदय जाहीर केला. तक्ता दगडावरची रेघ नव्हे, हे या घडामोडींवरून दिसते. अर्ज करणाऱ्याने त्या दिवशी लागू असलेला तक्ता पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठी कुटुंबांसाठी

शिक्षण-नोकरीनिमित्त अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे, या योजनेसाठी अमेरिकी नागरिकत्वाची अट नाही. लस अमेरिकेत घेतलेली असणे ही मुख्य अट आहे. विद्यापीठात प्रवेशासाठी लस घेणारा विद्यार्थी, कार्यालयातील शिबिरात फ्लूची लस घेणारा अभियंता, नातवंडाच्या जन्मासाठी पुण्याहून आलेली आणि बाळाच्या काळजीपोटी डांग्या खोकल्याची लस घेणारी आजी यांपैकी कोणालाही इतर अटी पूर्ण होत असल्यास अर्ज करता येतो. आजीच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. सहा महिन्यांचा मुक्काम संपवून ती परतते आणि पुढचे उपचार मायदेशी होतात. ती कागदपत्रे तितक्याच काटेकोरपणे जपली नाहीत, तर सहा महिन्यांची अट सिद्ध करणे जड जाते. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा केवळ औषधांची नावे असतात. तक्रार काय, केव्हापासून, हात किती उचलता येतो, हे लिहून मागण्याची सवय रुग्णालाच लावून घ्यावी लागते.

भारतात घेतलेल्या लसीला ही योजना सर्वसाधारणपणे लागू होत नाही. येथे पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानंतर ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली आहे. परंतु त्या मार्गाने जाताना सेवेतील त्रुटी वा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. दोष न शोधता भरपाई देणे आणि दोष सिद्ध झाल्यावर भरपाई देणे, या दोन पद्धतींतील अंतर येथे स्पष्ट होते. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार दोष न शोधता १ लाख २० हजार पौंड मिळतात, पण त्यासाठी ६० टक्के अपंगत्व असावे लागते. आखडलेला खांदा त्या उंबरठ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. त्या तुलनेत अमेरिकी योजनेचे दार रुंद आहे.

मुळात इजाच टाळण्यासाठी

ही इजा बहुतांशी टाळता येण्याजोगी आहे. अ‍ॅक्रोमियनच्या कडेपासून दोन ते तीन बोटे खाली आणि काखेच्या पातळीच्या वर, स्नायूच्या सर्वांत जाड भागात सुई ९० अंशांच्या कोनात टोचावी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन आहे. सुईची लांबी वजनानुसार निवडायची असते. किरकोळ बांध्याच्या व्यक्तीला लांब सुई वापरल्यास ती नको तितकी खोल जाते. लस देणारा उभा आणि घेणारा बसलेला असेल, तर सुई वर जाण्याचा संभव वाढतो. म्हणून दोघांनीही बसावे, असे सुचवले जाते. सदऱ्याची कॉलर खाली ओढून खांदा अर्धवट उघडा करण्याऐवजी बाही पूर्ण वर करावी किंवा हात बाहेर काढावा, ही गोष्ट तर लस घेणाऱ्याच्या हातातलीच आहे.

एवढे करूनही खांदा दुखावला आणि आठवडा उलटूनही हात वर जाईना, तर डॉक्टरांना दाखवावे. लसीची तारीख, हात आणि वेदनेचा पहिला दिवस सांगून तो लिहून घेण्यास सांगावे. लवकर सुरू झालेले उपचार खांदा आखडण्याआधी त्याला मोकळा करू शकतात, हा त्यातला पहिला लाभ. भरपाईचा अर्ज करण्याची वेळ आलीच, तर तीच चार ओळींची नोंद सर्वांत भक्कम पुरावा ठरते, हा दुसरा.